थोकोच्या बोअरचं पहिलं पाणी

१

त्या रविवारी सुयोग सोसायटीच्या सभागृहात पडदा लावला होता, टेबलावर संत्रा बर्फीचे डबे होते आणि सेक्रेटरी या नात्यानं मी दोन शब्द बोलायला उभा होतो. माझे दोन शब्द कधीच दोन नसतात, हे साऱ्या त्रिमूर्तीनगराला ठाऊक आहे. म्हणून साहिलनं माझं भाषण संपायची वाट न पाहता व्हिडिओ सुरू करून टाकला. आजकालच्या पोरांना या वामनरावांची किंमत नाही ती नाहीच.

पण पडद्यावर पाणी दिसलं आणि मीही गप्प बसलो. पाइपातून आधी राखाडी चिखल उसळला, मग गढूळ पाणी, मग स्वच्छ. पाठमोरी उभी असलेली एक बाई दिसली. कमरेला आमची थोको गुंडाळायची तसं तिच्या देशाचं रंगीबेरंगी छापाचं कापड, हात कोपरापर्यंत चिखलानं माखलेले. मागे तांबड्या मातीचा पट्टा. तिनं ओंजळ भरली, ती भुईवर सोडली, आणि मग बादली पाइपाखाली धरली. मागे कंप्रेसरचा आवाज, त्यावर साहिलनं चढवलेलं संगीत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कामिनी तर पदरानं डोळे पुसत होती.

थोको ही आफ्रिकेतल्या मलावीची मुलगी. फार्मसी शिकायला नागपुरात आली आणि आमच्या सोसायटीत गोपिकाबाईंच्या माडीवरच्या खोलीत राहिली. गोपिकाबाई एकट्या. त्या तिला ठकू म्हणायच्या, ती त्यांना आई. जाईपर्यंत पोरगी आमच्यासारखीच 'काहून' आणि 'कायले' करू लागली होती. तिच्या गावात माणसं आणि गुरं एकाच डबक्यावर पाणी पितात, आणि त्या पाण्यानं तिचा धाकटा भाऊ चिसोमो कॉलऱ्यातून मरता मरता वाचला, हे कळल्यावर शाळेत शिकवणाऱ्या आमच्या कामिनीनं इंटरनेटवर मदतीचं पान उघडलं. सोसायटीनं दिलं, तिच्या शाळेच्या पालकांनी दिलं, कधी न पाहिलेल्या माणसांनीही दिलं. तेवढ्यातून थोकोच्या अंगणात बोअर मारायची होती. ती मारली गेली, पाणी लागलं, आणि थोकोच्या नंबरावरून हा व्हिडिओ आमच्या ग्रुपवर आला.

मी बर्फीच्या डब्याला हात घातला तोच कोणीतरी माझं मनगट धरलं. वंदना उमाठे. विमा कंपन्यांसाठी दावे तपासण्याचं काम करते. जळालेलं दुकान खरंच जळालं की जाळलं, हे शोधणं हा तिचा धंदा. बाई शेजारीण म्हणून चांगली आहे, पण दूधवाल्याकडेही संशयानं पाहते.

"काका, बर्फी वाटू नका," ती हळूच म्हणाली.

"काहून?"

"हे पाणी मलावीचं नाही."

२

तिला मी जिन्याखाली नेलं. अशी गोष्ट चारचौघांत निघाली तर सेक्रेटरीच्याच अंगावर येते.

"त्या बाईनं पहिली ओंजळ भुईले दिली," वंदना म्हणाली. "बोअरचं पहिलं पाणी कोण भुईले देते काका? तुमची आई द्यायची, माझी आजी द्यायची. हे आपल्याकडचं आहे."

"थोको इथं राहून गेली बाई. शिकली असेल."

"असेल. म्हणूनच मी आत काही बोलली नाही. पण बुधवारी शाळेत कामिनीताईंचा सत्कार आहे, पेपरवाले येऊन राहिले. व्हिडिओ खोटा असला आणि दुसऱ्या कोणी पकडला, तर ताईंचं नाव मातीत जाईल. त्याहून वाईट म्हणजे तो पोरगा अजून डबक्याचंच पाणी पीत असेल, आणि आपण इकडे बर्फी खाऊन मोकळे."

हे मला लागलं. चिसोमोचा फोटो माझ्या बायकोनं, प्रेमलतानं, फ्रिजवर चिकटवला आहे. मोठ्या कानांचं, हडकुळं पोरगं. रोज दूध काढताना दिसतं.

तेव्हा बर्फी मी कुलपात ठेवली, 'उष्णतेमुळे' असं कारण सांगून. मार्च सरत आला होता, त्यामुळे खपून गेलं. आणि आम्ही कामिनीकडे गेलो.

कामिनीनं बिचारीनं काही लपवलं नाही. तिकडच्या बोअरवाल्या कंपनीचा निरोप दाखवला. काम पूर्ण झालं, यंत्र परत नेलं, एवढाच. पैसे तिनं थेट कंपनीला पाठवले होते, थोकोच्या हातातही दिले नव्हते.

"थोकोशी बोलणं झालं का, पाणी लागल्यावर?" वंदनानं विचारलं.

"तिच्या तिकडच्या नंबरावर चार-पाच दिवसांपासून करून राहिली. उचलतच नाही." कामिनीचा चेहरा उतरला. "नेटवर्क नसेल, असं मी समजले. व्हिडिओ तर तिच्या इथल्या जुन्या नंबरावरून आला ना. काही झालं आहे का वंदना?"

"काही नाही. तुम्ही इतक्यात बोअर कुठं पाहिली का हो, प्रत्यक्ष?"

"पाहिली ना. याच महिन्यात बाबांनी रामटेकला धानाच्या बांधीत मारली. मीच नारळ फोडला."

बाहेर आल्यावर मी वंदनाकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. हा व्हिडिओ रामटेकचाच नसेल ना, असं माझ्या मनात आलं.

मग साहिल. मदतीचं पान हाच सांभाळतो, व्हिडिओवर गाणीबिणी चढवतो. वंदनानं विचारायच्या आतच तो बोलून गेला, "काका, व्हिडिओ भारी होता ना? आमच्या मामाकडे मौद्याले बोअर मारली तवा म्या असाच काढला होता. सेम टू सेम."

आता रामटेक झालं, मौदा झालं. उन्हाळ्याच्या तोंडावर विदर्भात ज्याला त्याला बोअरच मारायची असते. वंदनानं एवढंच विचारलं की आलेला व्हिडिओ त्यानं जसाच्या तसा दाखवला का.

"नाही, सुरुवात कापली. बोअरिंग होती."

"कापलेलं दाखव."

त्यानं लॅपटॉप उघडला. संगीत नसलेल्या त्या मूळ व्हिडिओत ती पाठमोरी बाई पाइपाकडे चालत येत होती. पाइपापासून थोडं दूर ती थांबली. पायातल्या चपला काढल्या, एकावर एक न टाकता नीट जोडीनं बाजूला ठेवल्या, आणि अनवाणी चिखलात उतरली. त्याच क्षणी कॅमेरा धरणाऱ्याला जोराचा ठसका लागला आणि चित्र हललं.

वंदनानं लॅपटॉप मिटला. "हा व्हिडिओ कोणाले पाठवू नको," ती साहिलला म्हणाली, आणि तिचा आवाज असा होता की त्या बोलघेवड्या पोरानं नुसती मान हलवली.

३

आमच्या घरी चहा होईपर्यंत ती व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहत बसली.

"चिखलात जाताना माणूस चपला काढतो," मी म्हणालो. "खराब होऊ नये म्हणून. त्यात काय?"

"मग अशा जोडीनं नाही ठेवत काका. अशा देवळाबाहेर ठेवतात." ती विचारात पडली. "आपल्याकडचीच बाई आहे ही. पण कुठली? रामटेकची बांधी म्हणावी तर धानाचे बांध दिसायले पाहिजे. मौदा म्हणावं तर साहिलच्या मामाच्या शेतातून वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात, मी त्या बाजूले एका क्लेमसाठी गेली होती. इथं तर नुसती लाल माती. आणि अशी लाल माती आपल्याकडे नाही. मग मलावीच म्हणावं लागते."

म्हणजे बाई हरली. मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून भूकही लागली. स्वयंपाकघरात प्रेमलता यंदाच्या नव्या तिखटाची पुडी डब्यात ओतत होती. गोपिकाबाई दर वर्षी माहेरहून आणतात आणि साऱ्या सोसायटीत घरोघर देतात. मी वाकून वास घेतला, आणि जो काही ठसका लागला, की डोळ्यांपुढे काजवे.

खोकत बाहेर आलो तर वंदना खुर्चीतून अर्धी उठलेली.

"काका, पुन्हा खोका."

"मरू का आता?"

"खोका ना हो एकदा."

खोटं खोकायची वेळ आलीच नाही, खरंच येत होतं. तिनं व्हिडिओ लावला. तो ठसका आणि माझा ठसका, दोघांची जात एक. धुळीनं माणूस असा खोकत नाही, सर्दीनंही नाही. मग तिनं चित्र थांबवून मोठं केलं, आणि मागच्या लाल मातीवर बोट ठेवलं.

"ही माती पाहा. इथं तिची कड सरळ रेषेत संपते. अन् कोपऱ्यावर गोटा ठेवला आहे, वाऱ्यानं उडू नये म्हणून. माती कोणी ताडपत्रीवर वाळत घालते का?"

मी चष्मा पुसून पाहिलं. माती नव्हतीच ती. मिरची होती, उन्हात पसरलेली लालभडक मिरची.

"भिवापूर," मी म्हणालो, आणि म्हणताच मला बसावं लागलं. गोपिकाबाईंचं माहेर भिवापूर. त्यांच्या भावाची, नानाजींची, मिरचीची शेती तिथंच. ज्या बाईनं थोकोला पोटच्या पोरीसारखं वागवलं, तिच्यावर संशय घ्यायचा? माझ्या घरातलं तिखट तिच्याच हातचं होतं.

"पण व्हिडिओ तर थोकोच्या नंबरावरून आला," मी शेवटची काडी धरली.

"तेच पाहायचं आहे," वंदना म्हणाली. "चला."

४

गोपिकाबाईंनी हसून दार उघडलं. "या भाऊजी. वंदना, बस वं. ताक घेता का?"

आम्ही बसलो. भिंतीवर थोकोचा पदवीच्या झग्यातला फोटो, शेजारी गोपिकाबाई नऊवारीत. बाईंचे डोळे सुजल्यासारखे होते. मी गप्प होतो, आणि मी गप्प बसलो की लोकांना आपोआप शंका येते.

"काकू, थोकोशी बोलणं होते का?" वंदनानं सहज विचारलं.

"होते ना. कधीमधी."

"कामिनीताईंचा फोन उचलत नाही म्हणून विचारलं. मी जुन्या नंबरावर लावून पाहते." तिनं मोबाईल काढला आणि नंबर लावला.

मग स्वयंपाकघरातून, पिठाच्या डब्यामागून, विठ्ठलाचं भजन वाजू लागलं.

५

गोपिकाबाई उठल्या नाहीत. भजन वाजून वाजून थांबलं. मग त्यांनी पदराचा बोळा तोंडाला लावला आणि रडू लागल्या. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

"जाताना ठकूनं फोन मलेच देला होता," त्या म्हणाल्या. "तिकडे तिनं नवा घेतला. मी याच्यावर भजनं ऐकते."

"काकू, तिकडची बोअर फेल गेली ना?" वंदनानं विचारलं. तिचा आवाज आता अगदी मऊ होता.

मी चकित होऊन तिच्याकडे पाहिलं.

"कंपनीनं काम पूर्ण झालं म्हणून कळवलं काका, पाणी लागलं असं नाही कळवलं. पैसे थेट कंपनीले गेले, म्हणजे कोणी खाल्ले नाही. काम झालं, पैसा गेला, थोको फोन उचलत नाही, आणि इथं खोटं पाणी दाखवायची पाळी आली. मग एकच उरते. खाली कोरडं निघालं."

"दगड, वं," गोपिकाबाई म्हणाल्या. "नुसता दगड. पोरगी फोनवर अशी रडे का सांगू नाही शकत. म्हणे, आई, लोकाइले कसं सांगू? मी म्हटलं, तू कोणाले सांगू नको, मी सांगते. अन् मग माह्या तोंडातून निघेचना. लोक काय म्हणतीन? पैसा खाल्ला म्हणतीन. काळी पोरगी, परदेशी पोरगी, पहिलेच लोक काय काय बोलत होते तिच्याबद्दल, मले काय मालूम नाही का? त्याच दिवशी नानाजीकडे बोअर लागली. ठकूनं देलेलं कापड होतं माह्याजवळ. म्हटलं, थोडा वखत मिळाला तर नानाजीची मिरची विकली की दुसरी बोअर मारून देऊ. कोणाले मालूमही नाही पडणार."

"म्हणजे व्हिडिओतली बाई तुम्हीच?" मी विचारलं.

"मीच, भाऊजी. काढला नानाजीनं."

"काकू, सगळं जमलं होतं तुम्हाले," वंदना म्हणाली. "तोंड दिसू देलं नाही, हात चिखलानं झाकले. फक्त चपला काढायले नको होत्या. अन् ती ओंजळ."

गोपिकाबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू काही ती वेडंवाकडं बोलली.

"मी खोटं करायले गेली होती, वं. पाणी तर खरं होतं ना? त्याच्यापुढं चपला घालून कशी जाऊ?"

वंदना उठून त्यांच्याजवळ जाऊन बसली.

६

त्याच संध्याकाळी मी सभा बोलावली. उशीर केला असता तर माझंच धैर्य गळालं असतं. कामिनीला आधी सांगितलं. ती पांढरीफटक पडली, मग म्हणाली, "मी स्वतः सांगते. माझ्या शब्दावर दिले लोकांनी." आणि सभागृहात उभी राहून तिनं एकेक गोष्ट सांगितली. गोपिकाबाई पहिल्या रांगेत मान खाली घालून बसल्या होत्या. वंदना त्यांच्या शेजारी, त्यांचा हात धरून.

सांगून झालं. मी सर्वात वाईटाची तयारी ठेवली होती. आमच्याकडे पार्किंगवरून तीन-तीन तास भांडणं चालतात.

साहिलची आजी रुखमाबाई सभेत कधी बोलत नाही. तिनं चष्मा सारखा केला.

"किती फुटावर सोडली?" तिनं विचारलं.

कामिनीला कळेना. "काय आजी?"

"बोअर वं. किती फूट गेली? कधीकधी आणखी थोडी गेली का लागते. आमच्या मौद्याले सोडून देली होती, मग त्याच गड्याच्या शेजारच्यानं थोडं बाजूले मारली त धो धो."

"माझ्या भावाच्या दोन फेल गेल्या," मागून कोणी म्हणालं. "तिसरी लागली."

"पाणी पाह्यलं कोणी तिकडे? हातावर नारळ ठेवून पाहणारा नारळवाला होता का मशीन?"

"नारळवाल्याचं काय घेऊन बसले गा, आमच्यानं पैज लावली होती, दगडच निघाला."

आणि मग जे सुरू झालं ते थांबेना. त्या सभागृहात एक घर असं नव्हतं, ज्याच्या गावात बोअर फेल गेली नव्हती. माझ्या काकांच्या शेतात कोरडं निघालं तेव्हा आजी त्या खड्ड्याजवळ दिवसभर बसून होती, ते मला कितीतरी वर्षांनी आठवलं, आणि मी ते सांगितलंही. पैसा कोणी खाल्ला, हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. दगडात पाणी लागलं नाही तर माणूस चोर ठरत नाही, हे आम्हाला शिकवावं लागत नाही. गोपिकाबाई एवढं कसं विसरल्या? त्यांनी आम्हाला फार लहान समजलं होतं, आणि थोकोच्या पाठीमागे आम्ही काय काय बोललो होतो ते पाहता, त्यांची चूक म्हणवत नाही.

गोपिकाबाईंनी उठून हात जोडले. रुखमाबाई म्हणाली, "रडू नको वं. पोरीले फोन लाव."

फोन लावला. आईचा फोन म्हणून थोकोनं या वेळी उचलला. काय काय बोलणं झालं ते मी सांगत नाही. आमच्यातल्या निम्म्यांना ऐकूच आलं नाही, सगळे एकदम बोलत होते.

कामिनीनं शाळेतला सत्कार रद्द केला आणि पानावर सगळं खरं लिहिलं, खोट्या व्हिडिओसकट. काहींनी पैसे परत मागितले. पैसा तर दगडात गेला होता, म्हणून सोसायटीनं आपल्या फंडातून ते देऊन टाकले. बाकीच्यांनी लिहिलं, पुन्हा मारा. या वेळी आधी जमिनीची तपासणी करायची, हे वंदनानं बजावलं, आणि कंपनीचे कागद तिनं असे तपासले की तिकडचे लोक तिला घाबरून मॅडम म्हणू लागले. नानाजींनी मिरची विकली आणि आपला वाटा कोणाला न सांगता पाठवला. ते आम्हाला गोपिकाबाईंकडूनच कळलं, कारण त्यांच्या पोटात आता काही राहत नाही.

७

नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, सुरू होता. कूलरपुढून कोणी हलायला तयार नव्हतं, पण सभागृह भरलं. संत्रा बर्फी ताजी आणवली होती. मी भाषण केलं नाही. साहिलनं आश्चर्यानं माझ्याकडे पाहिलं.

पडद्यावर थोकोचा चेहरा आला, अगदी जवळून, आणि मग कॅमेरा कोणाच्या तरी हातात गेला. अंगणात हातपंप उभा होता. भोवती गाव जमलं होतं. थोको पंपाकडे चालत गेली. थोडं अलीकडे थांबली, पायातल्या चपला काढल्या आणि जोडीनं बाजूला ठेवल्या. कोणीतरी पंप हापसला. पाणी आलं. तिनं ओंजळ भरली, आणि ती भुईवर सोडली.

मी वळून वंदनाकडे पाहिलं. तिनं कपाळाला हात लावला होता.

"काका, माझा पहिला मुद्दाच पडला," ती म्हणाली. ती हसत होती आणि तिचे डोळे भरले होते. हरताना इतकी खूश झालेली बाई मी पाहिली नाही.

पडद्यावर थोकोनं स्टीलचा पेला भरला आणि मोठ्या कानांच्या त्या पोराच्या हाती दिला. फ्रिजवरच्या फोटोपेक्षा तो उंच झाला होता. तो पेला ओठाला लावणार तोच थोको हातानं दाखवत मराठीतच ओरडली, "वरून पी रे! तोंड काहून लावून राहिला?"

चिसोमोनं बिचाऱ्यानं मान वर केली, पेला उंच धरला आणि ओतला. पाणी तोंडात कमी आणि नाकात जास्त गेलं. तो ठसकला, भिजला, आणि भिजल्या अंगानं हसत सुटला. तिकडे सारं गाव हसलं, इकडे सारी सोसायटी. गोपिकाबाई पदर तोंडाशी धरून म्हणत होत्या, "येईन त्याले, येईन हळूहळू."

वंदनानं डबा उघडून माझ्या हातात दिला.

"वाटा काका," ती म्हणाली. "हे पाणी मलावीचंच आहे."